सुरी सापडली त्या दिवसापासून

प्रिय ओतिलिया,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुझा आवाज असा का येतोय?" आणि मी म्हटलं, ओलं लाकूड घातलं चुलीत, धूर गेला घशात. चूल तेव्हा विझलेली होती. पण तुला आपला फोन ठाऊक आहे. रेंज येते ती फक्त टाकीजवळच्या कठड्यावर, आणि त्या कठड्यावर अर्धा पाडा धुणं घेऊन बसलेला. शेजारची एउलालिया तर हातातला लुगड्याचा पिळा तसाच धरून ऐकत होती. बरं, आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, तर तुझा भाऊ मातेओ तो आधी स्वतः ऐकणार आणि मग जेवताना सगळ्यांना ऐकवणार. म्हणून लिहितेय. तू शाळेत आपल्या भाषेत लिहायला शिकत होतीस, तेव्हा तुझ्या शेजारी लोकर पिंजत बसून मीही शिकले, ते आज कामी येतंय. अक्षरं वाकडीतिकडी आहेत. हसायचं तर हस, मला काही इथे ऐकू येणार नाही.

सगळं ठीक आहे म्हणायचं तर तुझे तात मागावरून उठत नाहीत. राजधानीतल्या कुठल्या हॉटेलाला पांढऱ्या-काळ्या नक्षीच्या घोंगड्या हव्यात, ईस्टरच्या आत. घर लोकरीने भरलंय. चुलीपाशी लोकर, खाटेखाली लोकर, काल मक्याच्या पेजेतही एक झुपका निघाला आणि तात म्हणाले, "खा, आतून ऊब राहील." आतून ऊब! ओतिलिया, मला आतून ऊब नको गं बाई, कुणी आतली चूल विझवून देणारं भेटलं तर त्याचे पाय धरीन.

झालंय ते असं. गेल्या मक्याच्या पेरणीपासून मला चंद्र आलेला नाही. त्याआधी दोन वर्षं तो मनाला येईल तसा यायचा, कधी दोन महिने गायब, कधी इतका की मी दोन लुगडी बदलायची. मला वाटलं, गेला तर सुटले. पण तो गेला आणि हे आलं. पोटाच्या वर कुठेतरी सुरू होतं, छातीत चढतं, मानेवर येतं, आणि तोंड असं पेटतं की समोरच्याला वाटावं ही कुणावर तरी भडकली. पहिल्यांदा झालं तेव्हा मी गरम झऱ्यावर घोंगड्या तुडवत होते. तुला माहितीये, तिथे सगळ्याच बायका लाल झालेल्या असतात, म्हणून वाटलं पाण्याचं असेल. मग मिस्सेला झालं, ऐन प्रार्थनेत. मी डोक्यावरचा कपडा काढून वारा घेतला आणि फादर माझ्याकडे बघून एक ओळ चुकले. मग दिवसातून कितीदा ते मोजणंच सोडून दिलं. झोप तर पार उडाली. अंगाखालची घोंगडी ओली होते, मी ती बाजूला सारते, मग थंडीने कुडकुडते, पुन्हा ओढून घेते. आपल्यासारख्या डोंगरातल्या लोकरीच्या घरात अंगावर पांघरूण नको म्हणणारी बाई म्हणजे वेडीच.

आजींना मी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्यापासून काय लपतं? साऱ्या डोंगराची सुईण ती. त्यांनी माझी नाडी बघितली, पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "थंडी शिरलीये. मातेओच्या वेळी बाळंतपणाचे दिवस पुरे व्हायच्या आत तू नदीवर गेलीस, तेव्हाची. गर्भाशयात बसून राहिली होती, आता बाहेर पडायला बघतेय." मी म्हटलं, सासूबाई, मला तर उकडतंय. त्या म्हणाल्या, "तेच तर. थंडी बाहेर निघताना जाळते." आणि मग सुरू झालं घामघरात जाणं. आठवड्यातून दोनदा. तुला लहानपणी ते आवडायचं, अंधारात माझ्या मांडीवर बसून गाणी म्हणायचीस. आता मला ओणवी होऊन त्या दारातून शिरताना बघ, म्हणजे शिरण्याआधीच मी कशी घामाने निथळत असते ते दिसेल. मागून आजी दारावर घोंगडी टाकतात, तापलेल्या दगडांवर पाणी ओततात, आणि मग वाफ. माझ्या आत भट्टी आणि बाहेर भट्टी. बसल्यावर डोकं छताला लागतं, हात लांब केला तर भिंत. एकदा मला वाटलं, मी आता मरते. मी घोंगडी लाथेने उडवून, होते तशी, परसात पळत आले. मातेओ कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्या दिवशी तो जेवायला आला नाही बिचारा. बाहेर आल्यावर दालचिनी आणि मिरी घातलेलं गरम कोको. तेही संपवायचं, आजी समोर बसलेल्या असतात.

एवढंच असतं तर मी सहन केलं असतं. बायका काय काय सहन करतात. पण मग ती सुरी सापडली.

सगळ्या संतांच्या सणाआधी मी ओढ्याकडे देवळात पसरायला पाइनची पानं आणायला गेले होते. झाडाखाली मातीत एक लहानशी सुरी दिसली, जुनी, मूठ हाडाची. मला वाटलं, धागे कापायला बरी आहे. पदराला पुसली, घरी आणली, आणि मागाशेजारी बसून खुशाल लोकर कापायला लागले. एवढा साधा विचार मी केला आणि त्याची शिक्षा भोगतेय. कारण आजींनी ती सुरी बघितली. माझ्या हातातून काढून घेऊन अगदी डोळ्याजवळ नेली, बोटांनी पातं चाचपलं, आणि खाली बसून रडायला लागल्या. "कुठे सापडली? सांग, कुठे? वाटेवर की पाण्याजवळ?" पाण्याजवळ म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचं चुंबन घेतलं. सासूने सुनेच्या हाताचं चुंबन घ्यायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं तू ओळखलंच असशील. आपल्याकडे सुईण कुणी शिकून होत नाही, तिला बोलावणं येतं. झोप जाते, अंग जळतं, स्वप्नं पडतात, कुणालाच न समजणारं आजारपण लागतं, आणि वाटेत काहीतरी सापडतं, कात्री, शंख नाहीतर सुरी. आणि ते येतं कधी? तर बाईचं स्वतःचं मूल होणं थांबल्यावर. आता बघ माझ्याकडे. एक तरी खूण कमी आहे का? दिवस बघणाऱ्या तात दिएगोंकडे आजी मला घेऊन गेल्या. त्यांनी लाल बिया मांडल्या, माझा जन्मदिवस मोजला, बिया पुन्हा मांडल्या, आणि म्हणाले, "मुली, ही गोष्ट तुझ्या जन्माच्या आधी ठरली आहे." मी म्हटलं, तात, मला रक्त बघून चक्कर येते. ते हसले. "बोलावणाऱ्यांनी ते बघितलेलं असणार." मी म्हटलं, आणि नाही म्हटलं तर? तेव्हा त्यांनी बिया गोळा करून पिशवीत टाकल्या, पिशवीला गाठ मारली आणि मग सांगितलं. नाही म्हणणारीचं आजारपण तिच्यात थांबत नाही. घरात जी पोटुशी असेल तिच्याकडे जातं.

आपल्या घरात पोटुशी कोण, ओतिलिया?

म्हणून नाताळात तसं झालं. तू हसत हसत माझा हात धरलास आणि म्हणालीस, "आई बघ, इथे लाथ मारतोय," आणि मी हात झटकून घेतला. तुझा चेहरा उतरला ते मी बघितलं. तुझ्या नवऱ्यानेही बघितलं. आजी, तात, एउलालिया, सगळे दारात उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते गं. मी तेव्हा हात ठेवला असता तर तो सुईणीचा पहिला हात ठरला असता, त्याच दिवशी आजींची सुईणपणाची थैली माझ्या खांद्यावर आली असती. तू रुसून लवकर परत गेलीस. बसच्या मागे धूळ उडत होती आणि मी म्हटलं, बरं झालं, गेली, इथून लांब असलेली बरी. आणि घरी येऊन लोकरीत तोंड खुपसून रडले.

तेव्हापासून मी कोंडल्यासारखी झालेय. माणसं वाईट वागली असती तर भांडता आलं असतं. पण इथे सगळे मला मान देतात. मी बाजारात गेले की म्हातारे पुरुष टोपी काढतात. वरच्या वाडीतल्या पेत्रोनाने कोंबडी आणून दिली. कुणी मला ओझं उचलू देत नाही. तुझे तात, जे आजवर माझ्याशी पाच शब्दांच्या वर बोलले नाहीत, ते मागावरून म्हणतात, "आपल्या घरातून थैली बाहेर जाणार नाही, हे केवढं!" आणि जे काही मला होतं ते पुरावा म्हणून लिहून ठेवल्यासारखं. चिडले तर बोलावणं, रडले तर बोलावणं, मीठ दोनदा पडलं तर बोलावणं. गेल्या आठवड्यात मी एउलालियाचं नाव विसरले. बत्तीस वर्षं शेजारी राहतेय ती! तिला राग यायला हवा होता, पण ती आजींच्या कानाला लागली, "आता ही या जगातली राहिली नाही बघा, आजी." मी म्हटलं, अगं मी इथेच आहे, झोपले नाही म्हणून डोकं चालत नाही. तर दोघी माझ्याकडे बघून मायेने हसल्या.

आरोग्य केंद्रात गेले होते, तेही सांगते. कुणाला न सांगता, मिठाला जाते म्हणून. दर वर्षी नवा डॉक्टर येतो तिथे, शिकून झाल्यावर वर्षभर डोंगरात राहायचं म्हणून. या वर्षीचा पोरगेलासा आहे, चांगला आहे, खुर्ची दिली त्याने. पण त्याला आपली भाषा येत नाही आणि माझी स्पॅनिश बाजारापुरती. मध्ये सांगायला कोण, तर एल्मेर, तात दिएगोंचा पुतण्या! त्याला मी लहानपणी उघडा फिरताना बघितलाय, आता त्याच्यापुढे मी माझा चंद्र कसा काढू? तरी धीर करून सांगितलं. झोप नाही, छाती धडधडते, सांधे धरतात, अंगातून आग येते. बराच वेळ बोलले मी. एल्मेर डॉक्टरांकडे वळला आणि दोन शब्द बोलला. तेवढी स्पॅनिश मला येते, तो म्हणाला, "डोकं दुखतं." मी म्हटलं, अरे, आग, आग! तेव्हा तो म्हणाला, "ताप." डॉक्टरांनी काखेत काचेची नळी लावली, वाचली, मान हलवली. ताप नाही. संपलं. डोकेदुखीच्या गोळ्या आणि ताकदीचं इंजेक्शन घेऊन मी घरी आले. मीठ आणायचं विसरले, ते वेगळंच.

संध्याकाळपर्यंत आजींना कळलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ताटातली भाकरी परत झाकून ठेवली. "सगळा डोंगर माझ्या हातावर जन्मला," म्हणाल्या, "आणि माझ्याच चुलीवरची बाई त्या पोराकडे सुई टोचून घ्यायला जाते. बायका काय म्हणतील आता मला?" आणि खरंच, दोन दिवसांनी खालच्या पाड्यातली एक पोटुशी आजींना बोलवायचं सोडून केंद्रात गेली. माझ्यामुळेच की नाही, देव जाणे.

तुला वाटेल, आजी दुष्टपणा करतायत. तसं नाही गं. एक दुपार आम्ही दोघी लोकरीतले काटे वेचत बसलो होतो. त्या लोकर नुसती चिवडत होत्या, काटे तसेच राहत होते. मी त्यांच्या पुढ्यातली लोकर माझ्याकडे ओढून घेतली. तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या लक्षात आलंय ना?" मी हो म्हटलं. "व्हिसेंतेला सांगू नकोस. आईचे डोळे गेले कळलं तर मागावर त्याचे हात चालणार नाहीत." मग म्हणाल्या, "थैली खाली ठेवता येत नाही, सेफेरिना. कुणाच्या तरी हातातच द्यावी लागते. हातात दिल्याशिवाय मला मरताही येणार नाही. मुलगी होती ती गेली. तू नाही तर कोण, सांग." मी त्यांच्या जागी असते तर मलाही सुनेच्या घामात देवाचा हात दिसला असता. त्याही अडकल्यात आणि मीही, आणि दोघींना एकमेकींशिवाय कुणी नाही.

पण मग पेत्रोनाच्या सुनेचं बाळंतपण झालं. आजी मला सोबत घेऊन गेल्या, "नुसती बस माझ्याजवळ." दुपारची वेळ, दारं-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडी, ती पोर गुडघ्यावर बसून सासूच्या गळ्याला लोंबकळतेय. डोकं बाहेर आलं आणि आजी बाजूला सरकून म्हणाल्या, "घे. तुझं काम आहे." मला कळलं, मान म्हणून देत नाहीत, त्यांना दिसत नाही म्हणून देतायत. मी हात पुढे केले. आणि नेमकी तेव्हाच ती आग आली. छातीतून, मानेतून, आणि हातांतून घाम असा सुटला की जणू तेलात बुडवलेत. डोळ्यांपुढे काळं आलं. बाळ आलं माझ्या हातात आणि निसटलं, ओतिलिया. निसटलं. खाली आजींनी मांडीवर कापड ताणून धरलं होतं, जुनी सवय त्यांची, त्यात पडलं. रडलं. सगळं ठीक आहे, मुलगी आहे, छान दूध पिते. आणि पेत्रोना माझे ओले हात धरून सगळ्यांना दाखवत होती, "बघा, बघा, हातांना कसा पाझर फुटलाय! हीच खरी!" ते कापड नसतं तर? हे कुणी विचारलं नाही. मी रोज विचारते.

हल्ली मला वाटायला लागलंय की कदाचित त्यांचंच खरं असेल. हेच सगळ्यात वाईट आहे. मी तुझ्यासारखी शहरात राहिलेले नाही, मी याच डोंगरातली आहे, तात दिएगोंच्या बिया माझ्या लग्नाच्या वेळी खऱ्या बोलल्या होत्या. मी नाही म्हणत राहिले आणि तुझ्या बाळाला काही झालं तर? आणि हो म्हटलं आणि तुझं बाळ माझ्या हातातून निसटलं तर? कारण आजींनी ठरवलंय, थैली घेतल्यावर माझं पहिलं बाळंतपण तुझं. "पणतू आधी आपल्याच हातावर यायला हवा." ईस्टरनंतरच्या रविवारी थैली द्यायची, फुलं, मेणबत्त्या, मारिंबा वाजवणारे, सगळं सांगून झालंय. आणि तू त्याच आठवड्यात येणार म्हणून तुझ्यासाठी खाटही मोकळी केली आहे.

कसं सुटायचं ते मला एके दिवशी रेडिओने दाखवलं. आपल्या भाषेतला सकाळचा कार्यक्रम, नेहमी मक्याचे भाव सांगतात तो. त्यात एक बाई बोलत होती. म्हणाली, बाईचा चंद्र थांबतो तेव्हा काहींना अंगातून आग येते, झोप जाते, विसरायला होतं, छाती धडधडते, जीव घाबरतो. हा काही शाप नाही आणि लाजायचंही कारण नाही, वयाचं आहे, आणि त्यावर औषध आहे. मी हातात लोकरीची फणी तशीच धरून उभी. एक एक शब्द माझा! कुणीतरी माझ्या खाटेखाली बसून लिहून घेतल्यासारखा. म्हणाली, डॉक्टरकडे जाण्याआधी नीट आठवून ठेवा, चंद्र शेवटचा कधी आला, त्यानंतर पुन्हा रक्त दिसलं का, आग कशी येते, घरात आईला, बहिणीला कुठला आजार होता. सगळं औषध सगळ्यांना चालत नाही, म्हणून लपवू नका, आणि मनात येईल ते विचारा. एवढ्यात आजी आल्या, म्हणाल्या, "काय बडबड लावलीये," आणि मारिंबा लावला. पण मला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं.

मग मी लोकर पिंजता पिंजता मनात म्हणून बघायला लागले. डॉक्टरांपुढे काय बोलायचं. सगळं येतं बोलता, तीन गोष्टींपाशी जीभ अडते. त्या इथे लिहिते, एकदाच, तू वाचताना खाली बघ आणि मी लिहिताना बघते. एक, खळखळून हसले किंवा शिंकले की लुगडं ओलं होतं. म्हणून मी हल्ली तुझ्या विनोदांवर तोंड दाबून हसते, तुला वाटतं मी रागावलेय. दुसरी, तुझ्या तातांची. ते चांगले आहेत, कधी जबरदस्ती नाही. पण आत सगळं सुकून गेल्यासारखं झालंय, दुखतं, चिरल्यासारखं. मी लोकरीचं काम राहिलंय म्हणून चुलीपाशी बसून राहते आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्यांना वाटतं, सुईण होणारी बाई पवित्र झाली, आता तिला हात लावायचा नाही. एवढा चांगला माणूस आणि त्याला मी हे खोटंच धरून राहू दिलंय. आणि तिसरी, माझ्या आईची. तुला सांगितलं होतं, तिला दृष्ट लागली आणि ती खंगली. तिच्या छातीत गाठ होती, ओतिलिया. मी कापड बदलायची, मी बघितलीये. कुणालाही सांगायचं नाही म्हणून तिने माझ्याकडून शपथ घेतली होती, आणि तेव्हापासून मी आंघोळीला स्वतःची छाती चाचपताना डोळे मिटून घेते. रेडिओवाली म्हणाली ना, आईचे आजार लपवू नका. म्हणजे मला ते औषध चालेल की नाही, हे याच एका गोष्टीवर अडणार. चालणार नसेल तर दुसरं काही आहे का, हेही विचारायचंय.

आता पत्र का लिहिलं ते. गुरुवारच्या बसने मी तुझ्याकडे येतेय. बाळासाठी तातांनी पांढरी घोंगडी विणलीये, मऊ, ती पोचवायची म्हणून. आजी स्वतःच पाठवतायत, "जा, पोट कसं आहे बघून ये, आणि तिला सोबत घेऊनच ये." मी मान डोलावली. पण तू माझ्याबरोबर इथे यायचं नाहीस. तुझी ती डॉक्टरीणबाई, जिच्याबद्दल तू सारखी बोलतेस, तिच्याकडेच तुझं बाळंतपण होऊ दे. इथे एक हात आंधळा आहे आणि एक घामाने निसरडा, त्यात मी तुझं लेकरू देणार नाही, मग बोलावणं खरं असो की नसो. आजींना काय सांगायचं ते माझं मी बघीन. आणि शुक्रवारी तू मलाही तिच्याकडे ने. हे पत्र सोबत घे. मला तिथे तुझ्यादेखत यातलं काही बोलता येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवलंय. मी भिंतीकडे बघत बसेन आणि तू हे तिला तिच्या भाषेत वाचून दाखव. आजींच्या डोळ्यांचं तेवढं गाळ, ते त्यांचं आहे. बाकी सगळं सांग, ती तीन गोष्टींची ओळही, छातीतली गाठही. एल्मेरसारखं दोन शब्दांत उरकू नकोस. आणि ती जे बोलेल, चांगलं असो की वाईट, तेही मला पूर्ण सांग, माझं तोंड बघून कमी करू नकोस. ती म्हणाली की हे वयाचंच आहे, तर ते वाक्य मला दोनदा सांग. दुसऱ्यांदा सांगशील तेव्हा माझा हात धर आणि नाताळात ठेवायला निघाली होतीस तिथे ठेव. मी काढून घेणार नाही. घामाने ओला असला तर असू दे, त्याच्या आजीचा हात आहे.

तुझीच,
अजून कुणाचीही सुईण न झालेली
आई